पोवळीचा बटाटा आणि मंद चुलीचा शाप

एका राज्यात एक राणी होती आणि तिला झोप लागत नव्हती. शत्रू सीमेवर आला होता म्हणून नव्हे; सीमेवर राजा होता, ती काळजी त्याची. खजिना रिता झाला म्हणूनही नव्हे. राणी बकुळावती जागी होती ती एका बटाट्यापायी.

बटाटा भाजायला वेळ लागतो, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. पण बकुळावतीच्या चुलीत तो इतका वेळ घेई, की तेवढ्यात माणसाने तीर्थाला जावे, वाटेत सोबत्याशी भांडावे, परत यावे, आणि तरी आतून कच्चा तो कच्चाच. आणि राणीची लेक पोवळी बटाट्यावाचून काही खात नसे. मुदपाकखान्यात पुरणपोळ्या होत, साखरभात होई, केशर घातलेली खीर होई. पोवळी प्रत्येक वाटीत डोकावून म्हणे, "नको. बटाटा. चुलीतला." त्या राज्याची रीत अशी, की मुलाचा घास आईने स्वतःच्या चुलीवर शिजवावा, दासीने फार तर लाकडे आणून द्यावीत. तेव्हा राणी फुफाट्यात बटाटा पुरून बसे. घटकाभराने चिमट्याने राख उकरून बघे. पुन्हा पुरी. पुन्हा उकरी. तोवर पोवळी एक तर उपाशी झोपून जाई, नाही तर चौक ओलांडून पलीकडे जाई.

पलीकडे म्हणजे थोरल्या राणीकडे. चौकाच्या या अंगाला धाकट्या राजाची बकुळावती, त्या अंगाला थोरल्या राजाची रंभावती, आणि दोघींच्या चुली समोरासमोर. रंभावतीला मूलबाळ नव्हते. ती बटाटे चुलीत घाली, एखादी ओवी म्हणे, ओवी संपते न संपते तोच बटाटे बाहेर. वर कुरकुरीत, आत लोण्यासारखे. पोवळी तिच्या मांडीवर बसून खाई आणि तिला 'मोठी आई' म्हणे. रीतीने तसेच म्हणायचे असते, हे बकुळावतीला ठाऊक होते. तरी ती हाक ऐकली की तिला वाटे, ती मोठी, तर मग मी कोण? लहान आई? अर्धी आई?

तिला जावेच्या चुलीचा हेवा वाटे, फुंकणीचा हेवा वाटे, ओवीचाही वाटे. हळूहळू तर तिला त्या बटाट्याचाच हेवा वाटू लागला, आणि तिथे मात्र तिला स्वतःचीच लाज वाटली. ती शिकलेली बाई होती. आश्रमात न्याय शिकली होती, व्याकरण शिकली होती. अग्नीचे सारे प्रकार तिला पाठ होते. चूल कशी पेटवतात ते तेवढे कुणी शिकवले नव्हते.

आणि आता माघातली पुनव जवळ आली होती. त्या पुनवेला राज्यात चूलनिवड असे. पाचव्या वर्षात पाऊल टाकलेल्या मुलाला तिन्हीसांजेला घरच्या चुलींमध्ये उभे करत, आणि ते ज्या चुलीशी जाई, त्या चुलीचे ते होई. तिथेच जेवायचे, तिथेच निजायचे, मिसरूड फुटेतो किंवा पदर येईतो. ज्या चुलीवर सूर्य मावळायच्या आत घास तयार नसेल, ती चूल निवडीतून बाद. आजवर सगळी मुले आईच्याच चुलीशी गेली होती. रीत आहे एवढ्यापुरती ती पाळत. पण आजवरच्या आयांचे बटाटे भाजत होते.

ही राणीची काळजी. हिने तिची झोप खाल्ली.

पहाट झाली. राणी अंगणात आली, तो कुंपणाच्या दगडी गडग्यावर एक टिटवी पाय वर करून उताणी निजली होती. आभाळ पडेल म्हणून टिटव्या अशाच निजतात.

"राणी, आजही जागीच?" टिटवी म्हणाली.

"तू तरी कुठे झोपलीस?"

"मला आभाळ धरायचं असतं. तुझं काय अडलं आहे?"

"बटाटा."

टिटवीने पाय खाली घेतले. "म्हणजे तुला ते कुणी सांगितलंच नाही. तुझ्या चुलीला शाप आहे."

राणी खाली बसली. शाप आहे हे ऐकून तिला भीती वाटायला हवी होती. तिला हायसे वाटले. इतके दिवस तिला वाटत होते की खोट आपल्यातच आहे.

"फार मागे या वाड्यात दोन जावा होत्या," टिटवी म्हणाली. "एक भुकेला जोगी दारात आला. दोघींनी त्याच्यासाठी बटाटा चुलीत घातला. पण हिचं लक्ष तिच्या चुलीकडे, तिचं हिच्या. एकीचा कोळसा झाला, एकीचा दगड राहिला. जोगी म्हणाला, या वाड्यात जी बाई दुसरीच्या चुलीकडे डोळा लावील, तिची चूल मंद होईल."

राणीने कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "म्हणजे खोट माझ्यातच आहे."

"थोडी शापात, थोडी तुझ्यात. वाटून घ्या."

"उःशाप काय दिला त्याने?"

"दिला असेल. पण दोघी तेव्हाही एकमेकींकडेच बघत होत्या. ऐकला कुणी नाही." टिटवीने पंख झाडले. "शापाचं मला ठाऊक नाही. बटाट्याचं ठाऊक आहे. उन्हाळ्यांच्या खोऱ्यात वाफाळी जोगीण असते, लोहगिरीवर घणासुर असतो, आणि मिठाच्या गुहेत अजगर. तिघांकडे लवकर भाजण्याची एकेक खूण आहे. फुकट देत नाहीत. पुनवेच्या तिन्हीसांजेआत परत ये."

"आणि तोवर पोवळीला कुणाकडे ठेवू?"

टिटवीने चोच पलीकडे वळवली. उत्तर चौकापलीकडे चूल सारवत होते.

बकुळावती चौक ओलांडून गेली. "जाऊबाई, थोडे दिवस बाहेर जायचं आहे. पोवळीला बघाल?"

"बघेन की. कुठे निघालीस?"

"देवाला."

"कुठल्या?"

"लांबच्या."

रंभावतीने सारवणाचा हात थांबवला नाही. "जा हो, धाकटे. जिवाला घोर लावून घेऊ नकोस. इथे ती पोटभर जेवते."

त्या 'इथे'मध्ये एक काटा होता. निदान बकुळावतीला तरी तो बोचला. तो काटा घेऊनच ती वेशीबाहेर पडली.

उन्हाळ्यांच्या खोऱ्यात जमिनीतून कढत पाणी उसळते. तिथे वाफाळी जोगीण वाफेवर मांडी घालून बसली होती. तिच्या भोवती दाट धुके होते, आणि धुक्यातून बायकांचे उसासे येत होते.

"काय हवं?" जोगिणीने विचारले.

"बटाटा लवकर भाजायची खूण."

"आधी मला बटाटा उकडून दे. हे तांब्याचं भांडं, हे झाकण. हा झरा जांभई देईल तेव्हा काढायचा. मध्येच झाकण उचललंस तर धुकं होशील." तिने भोवताली हात फिरवला. "या सगळ्यांनी उचललं."

राणीने भांडे झऱ्यात ठेवले, वर झाकण लावले आणि दोन्ही हात स्वतःच्या मांडीखाली घेऊन बसली. हात चळवळत होते. तिला वाटले, पाणी आटले असेल. तिला वाटले, बटाटा फुटला असेल. तिला वाटले, आत्ता या वेळी पोवळी मोठ्या आईच्या मांडीवर बसली असेल, आणि मोठी आई फुंकर घालत असेल, आणि तिची फुंकरही माझ्या फुंकरीपेक्षा बरी असेल. धुक्यातली एक बाई कानाशी कुजबुजली, "नुसतं जरा कलतं कर की. जरा बघितलं तर काय होतं?" राणी म्हणाली, "तुमचं काय झालं?" धुके मागे सरले. झऱ्याने जांभई दिली.

जोगिणीने झाकण काढले, बटाट्यात एक काडी खुपसली. काडी शिरली आणि मध्यावर अडली. "असाच हवा. अर्धा. राखेला बटाट्याच्या पोटात शिरायला दिवस लागतो. ती दारातच बसून राहते. पाणी थेट माजघरात जातं. आधी झाकण लावून अर्धा उकड, मग आगीला दे. आणि दर वेळी झाकण उचललंस की आतली ऊब उठून निघून जाते. पाहुणी आहे ती. तिला सारखं दार उघडून दाखवू नये."

राणीने नमस्कार केला आणि भांडे घेतले. ही गोष्ट चुलीची होती की आणखी कशाची, याचा विचार तिने वाटेत करायचे ठरवले, आणि मग केला नाही.

लोहगिरी हा सबंध लोखंडाचा डोंगर. त्याच्या माथ्यावर घणासुर राक्षस ऐरणीला टेकून बसला होता. माणसे खाण्याचा त्याला कंटाळा आला होता. आता तो कोडी घाली.

"सांग," तो म्हणाला. "आगीहून ऊन, पण त्यावर दाणासुद्धा भाजत नाही. ते काय? तीनदा चुकलीस तर जन्मभर माझा भाता ओढत राहशील."

राणी शिकलेली होती. तिने म्हटले, "समुद्रातला वडवानल."

"त्यावर मासे भाजतात. एक गेलं."

"सूर्य."

"त्यावर पापड वाळतात. दोन गेली. आता शेवटचं."

राणीला घाम आला. तिने सगळे ग्रंथ मनात उलटेपालटे केले. ग्रंथांत काही सापडेना, तेव्हा तिने स्वतःच्या छातीत बघितले. तिथे कधीचे काहीतरी धगधगत होते आणि त्यावर आजवर एक घासही शिजला नव्हता.

"मत्सर," ती म्हणाली.

राक्षसाने घण खाली ठेवला. "हे कुठल्या पोथीत वाचलंस?"

"वाचलं नाही. घरी आहे."

घणासुर इतका हसला की डोंगराचा गंज झडला. त्याने तिला एक काळा जाड तवा दिला आणि त्यावर बसेल असे खोलगट झाकण दिले. "थंड तव्यावर बटाटा ठेवणं म्हणजे झोपलेल्या माणसाला निरोप सांगणं. आधी लोखंड तापू दे. पाण्याचा थेंब टाक; नुसता चुरचुरला तर थांब, नाचायला लागला तर ठेव. वर झाकण घाल आणि झाकणावरही निखारे घाल. एका बाजूनेच आग लावून जगात काही लवकर होत नाही."

तवा जड होता. राणीने तो डोक्यावर घेतला आणि पुनवेच्या दिशेने वाढणाऱ्या चंद्राकडे बघत चालू लागली.

मिठाची गुहा समुद्राकाठी होती. दाराशी अजगर वेटोळे घालून पडला होता.

"आत ठेवा आहे," अजगर म्हणाला. "सोनं आहे, माणकं आहेत. कुणी नेत नाही, कारण उचललं की हातातलं लहान दिसतं आणि दुसऱ्याच्या हातातलं मोठं. ठेव्याच्या मधोमध मीठ आहे. ते ने. मिठामागे आरसा आहे. त्यात ज्याचं त्याला घर दिसतं. त्यात हेव्याने बघू नकोस. पाय दगड होतात."

"नाही बघणार," राणी म्हणाली.

गुहेत सोन्याच्या राशी होत्या आणि राशींमध्ये दगडाचे राजे उभे होते, सगळे मान वळवून आरशाकडे बघत. राणीने पदर डोळ्यांवर ओढला, वाकून मूठभर खडेमीठ घेतले, पदराच्या टोकाला बांधले आणि वळली. वळताना तिला आरशातून हसण्याचा आवाज आला. पोवळीचा.

तिने बघितले.

चौक दिसला. रंभावतीची चूल दिसली. पोवळी तिच्या पाठीवर लोंबकळत होती आणि म्हणत होती, "मोठी आई, लवकर." आणि रंभावती म्हणत होती, "झालंच गं माझ्या राज्जा. इथे काय वेळ लागतो होय?"

राणीच्या पायाची बोटे गार पडली. मग घोटे. मग गुडघ्यापर्यंत दगड चढला. तिला ते कळत होते आणि तिला नजर काढता येत नव्हती. माझी लेक, तिच्या मनात आले, माझी लेक, आणि हिच्या पाठीवर. काय आहे हिच्यात? काय आहे हिच्या चुलीत? नशीबच मेलीचे तसे. आणि नशीब कुठे असते ते शोधावे तशी ती जावेच्या चेहऱ्यावरून खांद्यावर, खांद्यावरून दंडावर उतरत गेली, आणि दंडावरून हातांवर आली.

त्या हातांत सुरी होती.

रंभावतीने चौकाकडे एकदा बघून घेतले, पाठ फिरवली, आणि पटकन बटाट्याचे दोन तुकडे केले.

राणी बघतच राहिली. कारण या राज्यात एक गोष्ट सगळ्यांना शिकवलेली असते: बटाटा पुरता भाजण्याआधी त्याला सुरी लावू नये, घर दुभंगते. ती सासरी आली त्या दिवशी उंबऱ्यावर तिला पहिली गोष्ट सांगितली गेली ती हीच, आणि सांगणारी होती रंभावती. आणि ती स्वतः कापत होती. कापलेल्या अंगाला तेलाचे बोट फिरवत होती, मीठ चोळत होती आणि कापलेली बाजू खाली करून तापल्या खापरावर ठेवत होती. अर्ध्या बटाट्याला अर्धा वेळही लागत नव्हता. मंत्र नव्हता, ओवीतही काही नव्हते. ओवी म्हणजे सुरीचा आवाज लपवायची युक्ती.

"अस्सं," राणी स्वतःशी म्हणाली. मग आणखी वाकून बघू लागली. तेल किती, मीठ कधी, खापर केवढे तापलेले. बघता बघता पायातला दगड वितळून गेला आणि ते तिच्या ध्यानातही आले नाही. ती दाराशी आली, तेव्हा अजगराने डोके उचलले.

"बघितलंस. आणि सुटलीस कशी?"

"मी तिच्याकडे बघत होते, मग ती काय करते तिकडे बघायला लागले."

"फरक काय?"

"पहिल्याने पाय जड होतात," राणी म्हणाली आणि चालू लागली. तिला शहाणे झाल्यासारखे वाटत नव्हते. जावेला कापू नको म्हणून सांगायचे आणि आपण मात्र कापायचे, असे तिच्या डोक्यात घुमत होते, आणि वाटभर ती मनातल्या मनात रंभावतीशी भांडत घरी आली.

माघातली पुनव. ऊन कलले होते. पोवळी चौकात भोवरा फिरवत होती. आईला बघून ती धावत आली नाही. तिने भोवरा थांबायची वाट बघितली.

"मला काय आणलंस?"

"मीठ."

"हं," पोवळी म्हणाली आणि पुन्हा दोरी गुंडाळू लागली.

चौक माणसांनी भरला. दोघे राजे सीमेवरून आले होते आणि मध्ये न पडण्याइतके शहाणे होते. राजगुरूंनी शंख फुंकला आणि दोन्ही चुली पेटल्या. बकुळावतीने आधी तांब्याच्या भांड्यात पाणी कढवले, बटाटे टाकले, झाकण लावले. एकदाही उचलले नाही. काडी मध्यावर अडली, तेव्हा तिने बटाटे बाहेर काढले. तोवर चुलीवर तवा तापत होता. तिने थेंब टाकला. चुरचुरला. ती थांबली. पुन्हा टाकला. थेंब तव्यावर नाचू लागला.

मग भर चौकात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, तिने सुरी घेतली आणि सबंध बटाट्याचे दोन तुकडे केले.

दासींनी तोंडावर पदर धरले. राजगुरू म्हणाले, "राणीसाहेब, घर दुभंगेल."

"घर नाही, गुरुजी, बटाटा," ती म्हणाली. सुरी मात्र तिने पटकन खाली ठेवली. शिकलेली होती, पण मांजर आडवे गेले की तीही क्षणभर थांबे. तिने कापलेल्या अंगाला तेल लावले, मीठ चोळले, तुकडे पालथे घातले. झाकण. झाकणावर निखारे. आणि मग तिने ते केले जे तिला या वाड्यात आल्यापासून जमले नव्हते. ती स्वतःच्या चुलीकडे बघत बसली.

तिला समोरच्या चुलीची ओवी ऐकू येईना. मान वळवावीशी वाटली, आणि तिने वळवली नाही. समोर रंभावती तिच्या हातातल्या सुरीकडे बघत राहिली होती, मग तव्याकडे, मग झाकणाखालून येऊ लागलेल्या खरपूस वासाकडे. इतक्या वर्षांत थोरल्या राणीने धाकटीच्या चुलीकडे कधी बघितले नव्हते; गरजच पडली नव्हती. आज बघितले, आणि तिच्या चुलीतली लाकडे काळी पडली. तिने फुंकणी घेतली. धूर आला. पुन्हा फुंकले. पुन्हा धूर.

सूर्य गडग्याला टेकला. बकुळावतीने झाकण काढले. तुकडे सुटून आले, तांबूस, कुरकुरीत कडांचे, आत वाफ कोंडलेले. सूर्य अजून बुडायचा होता आणि तिचा घास तयार होता. आता तिने मान वर केली.

समोर चूल थंड होती. राजगुरूंनी त्या चुलीपुढची रांगोळी पुसायला पाणी मागवले होते. बाद झालेल्या चुलीची रांगोळी पुसतात.

खरे सांगायचे तर बकुळावतीला आनंद झाला. मनापासून झाला. तिने तो गुळाच्या खड्यासारखा तोंडात घोळवला. मग तिला रंभावतीचा चेहरा दिसला. रंभावती तिच्या तव्याकडे बघत होती, आणि ती नजर बकुळावतीने ओळखली. आपल्या लेकराचा हात दुसरीच्या पदराला बघताना जी असते तीच. ती नजर किती भाजते आणि तिच्यावर काही कसे शिजत नाही, हे या चौकात तिच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते.

तिन्हीसांजेला कुणाला विस्तव देऊ नये. हीदेखील रीतच होती. विस्तवाबरोबर घरची लक्ष्मी जाते म्हणतात. बकुळावतीने चिमटा घेतला आणि एक निखारा उचलला. तो अगदी लहान होता. तिने तो परत टाकला, चांगला धगधगीत बघून दुसरा घेतला, आणि चौक ओलांडला.

"जाऊबाई, विस्तव घ्या."

"तिन्हीसांज झाली आहे," रंभावती म्हणाली.

"ठाऊक आहे."

"बटाटा कापायचा नसतो, तेही तुला ठाऊक होतं."

"तुम्हीच सांगितलं होतं."

"कुठून बघितलंस?"

"लांबच्या देवाकडून."

रंभावतीने फुंकणी खाली ठेवली. तिच्या नाकाला राख लागली होती. "बकुळे, मला दुसरं काय होतं? तुझ्याकडे ती होती. माझ्याकडे तेवढा एक लवकर भाजणारा बटाटा होता."

बकुळावतीने वाटभर रचलेले भांडण होते. त्यातली तिला एकही ओळ आठवेना. "धरा लवकर," ती म्हणाली. "चिमटा तापला आहे माझा."

निखारा चुलीत पडला आणि आग भडकली. वाड्यातली प्रत्येक चूल भडकली. मुदपाकखान्यातले दूध उतू गेले. चौकातल्या राखेतून एक म्हातारा जोगी अंग झटकत उठला. तो इतकी वर्षे तिथेच बसून होता.

"एकीने दुसरीला विस्तव द्यावा, एवढंच म्हणालो होतो," तो म्हणाला. "ऐकतंय कोण? काही खायला आहे का?"

रंभावतीने त्याच्यादेखत बटाटे कापले, लपवले नाही. ते अर्ध्या ओवीत झाले. जोगी दोन्ही चुलींवरचा एकेक तुकडा खाऊन, ढेकर देऊन, वेशीबाहेर निघून गेला आणि शाप त्याच्यामागून कुत्र्यासारखा गेला.

पण आता दोन्ही चुलींवर घास तयार होते आणि सूर्य अजून अर्धा वर होता. बकुळावतीच्या ते ध्यानात आले. जिंकलेली होते की मी, तिला वाटले. गप्प बसून राहिले असते तर काय बिघडत होते? हेही मलाच सुचायचे होते. रंभावती तिच्याकडे बघत नव्हती. तीही रंभावतीकडे बघत नव्हती. दोघी पोवळीकडे बघत होत्या.

पोवळी आधी मोठ्या आईच्या चुलीशी गेली. एक तुकडा उचलला, खाल्ला. मग भोवरा काखेत धरून ती आईच्या चुलीशी आली, तिथलाही एक खाल्ला, कुरकुरीत कड शेवटी ठेवून. तोंड आईच्या पदराला पुसले.

राजगुरू पुढे झाले आणि त्यांनी रीतीचा प्रश्न विचारला. "राजकन्ये, उद्याचा घास कुठे?"

पोवळीने या चुलीकडे बघितले. त्या चुलीकडे बघितले. मग ती आईच्या मांडीवर ऐसपैस बसली.

"आई, उद्या तू भात कर. वरण मोठी आई करेल. बटाटा नको मला आता, कंटाळा आला."